विश्लेषण : मासा, सरडा, साप झोपतात हे कसे ओळखायचे? ॲरिस्टॉटलने २,३०० वर्षांपूर्वी शोधलेले उत्तर

पन्हाळ्यावर डिसेंबर-जानेवारीत सकाळी फिरायला येणाऱ्यांना तटबंदीच्या दगडांवर ऊन खात बसलेला सरडा हमखास दिसतो. ऊन अंगात मुरेपर्यंत तो जागचा हलत नाही. गडावरच्या घरांत रात्री दिव्याखाली किडे टिपणारी पाल दिवसा फोटोच्या चौकटीमागे निपचित असते, पण तिचे डोळे उघडेच. सोमेश्वर तलावातल्या माशांना तर पापण्याच नाहीत. मग यांतले कोण झोपले आहे, कोण नुसते गारठले आहे आणि कोण जागे असून गप्प बसले आहे, हे ओळखायचे कसे?

प्रश्न साधा वाटतो, पण आजही प्रयोगशाळांत त्यावर काम सुरू आहे. तो पद्धतशीरपणे मांडून त्याचे उत्तर माशांत, सरड्यांत, सापांत आणि किड्यांत शोधणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल. तर्कशास्त्र, राजकारण आणि नीतिशास्त्रासाठी तो सर्वांना माहीत आहे. समुद्रकिनारी कोळ्यांना माशांच्या झोपेविषयी विचारणारा ॲरिस्टॉटल मात्र फारसा परिचित नाही.

थंड रक्ताचे प्राणी म्हणजे नेमके काय?

मासे, बेडूक, सरडे, साप, कासवे आणि कीटक यांना आपण सोयीसाठी थंड रक्ताचे प्राणी म्हणतो. त्यांचे रक्त कायम थंड असते असे नाही. दुपारच्या उन्हात बसलेल्या सरड्याचे अंग चांगलेच तापलेले असते. फरक इतकाच, की माणूस, कुत्रा किंवा चिमणी शरीरातली ऊब आतून तयार करतात, तर हे प्राणी ती बहुतांशी बाहेरून घेतात. त्यामुळे हवा थंड झाली की त्यांची हालचाल मंदावते आणि अभ्यासकाची अडचण सुरू होते. न हलणारा प्राणी झोपला आहे की थंडीने सुस्तावला आहे, हे वरवर पाहून कळत नाही.

ॲरिस्टॉटलची विभागणी आजच्यापेक्षा वेगळी होती. लाल रक्त असलेले आणि नसलेले असे प्राण्यांचे दोन मोठे गट त्याने केले. अंगातली ऊब म्हणजे जीवनशक्ती असे तो मानत असे आणि मासे व सरपटणारे प्राणी कमी उबेचे आहेत, हेही त्याच्या लक्षात आले होते. तरीही ते झोपत नसतील, असे त्याने गृहीत धरले नाही.

वैद्याचा मुलगा

ॲरिस्टॉटलचा जन्म इ.स.पूर्व ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधल्या स्टॅगिरा या किनारी गावात झाला. वडील निकोमॅकस हे मॅसेडोनियाचा राजा अमिंतस याचे वैद्य होते. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि प्रॉक्सेनस नावाच्या पालकाने त्याला वाढवले. वयाच्या सतराव्या वर्षी तो शिकण्यासाठी अथेन्सला, प्लेटोच्या अकादमीत गेला आणि तिथेच २० वर्षे राहिला.

अकादमीत गणित आणि शुद्ध विचाराला मान होता. खरे ज्ञान डोळ्यांना दिसणाऱ्या बदलत्या वस्तूंपलीकडे आहे, ही प्लेटोची शिकवण. ॲरिस्टॉटलने गुरूकडून युक्तिवाद घेतला, पण पुढे वाट वेगळी धरली. चिखलातला किडा किंवा जाळ्यातला मासा यांच्याकडे बारकाईने पाहणे हेही तत्त्वज्ञाचे काम आहे, असे त्याचे म्हणणे होते.

लेस्बॉस बेटावर काय घडले?

इ.स.पूर्व ३४७ च्या सुमारास प्लेटोचा मृत्यू झाला आणि ॲरिस्टॉटलने अथेन्स सोडले. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील ॲसॉस इथे हर्मियास या मित्राच्या आश्रयाला तो राहिला. हर्मियास हा त्या भागाचा सत्ताधीश होता. त्याच्याच घरातल्या पिथियासशी ॲरिस्टॉटलचा विवाह झाला.

दोन-तीन वर्षांनी तो समोरच्या लेस्बॉस बेटावर गेला. तिथला थिओफ्रास्टस हा त्याचा आयुष्यभराचा सहकारी ठरला. थिओफ्रास्टसचे वनस्पतींवरचे ग्रंथ प्रसिद्ध आहेत, तर ॲरिस्टॉटलचे मोठे काम प्राण्यांवर आहे. बेटाच्या मधोमध अरुंद तोंडाचे, जवळजवळ बंदिस्त असे आखात आहे. त्याच्या काठी तेव्हा पिरा नावाचे गाव होते. आज हे आखात कॅलोनी या नावाने ओळखले जाते. शांत, उथळ पाणी, भरपूर मासे, शिंपले, माकुळ आणि रोज जाळे टाकणारे कोळी. निरीक्षणासाठी याहून चांगली जागा मिळणे अवघड होते.

अलेक्झांडरने आपल्या गुरूसाठी हजारो माणसे कामाला लावून प्राणी गोळा केले, अशी कथा रोमन लेखक प्लिनीने सांगितली आहे. पण ॲरिस्टॉटलच्या प्राणिग्रंथांत लेस्बॉस आणि आसपासच्या ठिकाणांची नावे वारंवार येतात. स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञ डार्सी थॉम्पसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या गोष्टीकडे लक्ष वेधले. त्याच्या अभ्यासाचा मोठा भाग राजाच्या मदतीने नव्हे, तर या किनाऱ्यावर झाला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात.

कोळ्यांकडून काय कळले?

प्राण्यांच्या इतिहासावरील ग्रंथाच्या चौथ्या भागात ॲरिस्टॉटल झोपेकडे वळतो. पापण्या असलेले प्राणी झोपताना त्या मिटतात, हे त्याने नोंदवले. पण माशांना पापण्या नाहीत, त्यामुळे डोळ्यांवरून निर्णय करता येत नाही. मग तो दुसरी लक्षणे शोधतो.

पहिले लक्षण स्थिरतेचे. मासा एका जागी थांबतो, फक्त शेपटी किंचित हलत राहते. दुसरे लक्षण अधिक महत्त्वाचे. अशा वेळी त्याच्याजवळ जाता येते. कोळी त्याला हाताने पकडू शकतात किंवा मशालीच्या उजेडात भाल्याने टिपू शकतात. जागा मासा हे कधीच होऊ देणार नाही. माणूस इतका जवळ आला तरी मासा पळत नाही, याचा अर्थ त्याची इंद्रिये त्या वेळी नेहमीसारखी काम करत नाहीत, असा निष्कर्ष ॲरिस्टॉटलने काढला. रात्री माशांना त्रास देणारे उवांसारखे बारीक जीव नसते, तर ते आणखी सहज हाती लागले असते, असेही त्याने लिहून ठेवले. तळाशी राहणारे चपटे मासे वाळूत अंग पुरून झोपतात आणि वाळूवर उमटलेल्या आकारावरून पकडले जातात, ही नोंदही तिथेच आहे.

माकुळ, खेकड्यांच्या कुळातले प्राणी आणि कीटक यांनाही त्याने याच रांगेत बसवले. रात्री मधमाश्यांचा गुंजारव थांबतो, त्या निश्चल होतात, हे त्याने झोपेचे लक्षण मानले. सरडे, कासवे यांसारखे अंडी घालणारे प्राणी झोपतात हे उघड आहे, पण त्यांना स्वप्ने पडतात की नाही हे स्पष्ट नाही, अशी काळजीपूर्वक नोंद त्याने केली. कुत्रे झोपेत भुंकतात, त्यावरून त्यांना स्वप्ने पडत असावीत, हे त्याने मान्य केले. सरड्याबाबत तसा पुरावा नव्हता, म्हणून तो तिथेच थांबला. शिंपल्यांच्या झोपेबद्दलही प्रत्यक्ष निरीक्षण उपलब्ध नाही, हे त्याने सांगून टाकले.

झोपेची व्याख्या कशी केली?

झोप आणि जागेपणावर ॲरिस्टॉटलचा एक स्वतंत्र छोटा ग्रंथ आहे. त्यातला युक्तिवाद असा : जागे असणे म्हणजे इंद्रियांनी जाणणे. जाणण्याची ताकद अमर्याद वेळ वापरता येत नाही, ती थकते. म्हणून ज्याला जाणता येते, त्याला विसावाही लागतो. मासा जाणतो, किडा जाणतो, म्हणून त्यांनाही झोप हवीच. वनस्पतींना इंद्रिये नाहीत, म्हणून त्यांना या अर्थाने झोप नाही आणि जागही नाही.

झोप ही माणसाची किंवा मोठ्या मेंदूच्या प्राण्यांची खास गोष्ट नाही, ती जाणिवेची दुसरी बाजू आहे, असा याचा अर्थ. आणखी एक अट त्याने घातली. झोपलेला जीव जागा होऊ शकला पाहिजे. ज्यातून परत येता येत नाही, ती झोप नव्हे.

गारठणे म्हणजे झोप का?

थंडीत प्राणी दडून बसतात, याची चर्चा त्याने झोपेत मिसळली नाही. ती त्याच ग्रंथात पुढे वेगळ्या ठिकाणी येते. सरडे आणि पाली कडाक्याच्या थंडीचे सुमारे चार महिने लपून राहतात आणि काही खात नाहीत, असे तो सांगतो. साप जमिनीत शिरतात, तर विषारी व्हायपर दगडांखाली राहतात, अशी त्याची माहिती होती. काही मासे थंडीत, तर काही उन्हाळ्यात दडतात, हेही त्याने लिहिले.

आजच्या भाषेत सांगायचे तर रोजची झोप आणि ऋतूनुसार येणारी सुप्तावस्था या वेगळ्या गोष्टी आहेत. झोपलेल्या प्राण्याला हलवले तर तो पटकन जागा होतो. गारठलेल्या प्राण्याला आधी ऊब लागते. पन्हाळ्याच्या तटावरचा सकाळचा सरडा बहुधा झोपलेला नसतो. तो अंग तापण्याची वाट पाहत असतो.

तो कुठे चुकला?

ॲरिस्टॉटलच्या चुकाही मोठ्या होत्या. जाणिवेचे केंद्र हृदयात आहे आणि मेंदू शरीराला थंड ठेवतो, असे तो मानत असे. जेवणानंतर अन्नातून निघालेली वाफ वर डोक्यात जाते, तिथे थंड होऊन खाली उतरते आणि झोप येते, अशी त्याची कारणमीमांसा होती. ती टिकली नाही.

थंडीत काही पाकोळ्या पिसे गळालेल्या अवस्थेत बिळांत सापडतात, असेही त्याने लिहिले. काही पक्षी स्थलांतर करतात हे त्याला ठाऊक होते, पण पाकोळ्यांच्या बाबतीत ऐकीव माहितीने त्याला फसवले. ही समजूत इतकी चिवट ठरली, की अठराव्या शतकात लिनियससारखा शास्त्रज्ञही पाकोळ्या हिवाळा पाण्याखाली काढतात असे मानत होता.

या चुकांत एक सूत्र दिसते. जिथे पाहता आले, पडताळता आले, तिथे ॲरिस्टॉटल बहुतेक वेळा बरोबर ठरला. जिथे शरीराच्या आत काय चालते याचा केवळ अंदाज बांधावा लागला किंवा पडताळा न घेता ऐकीव गोष्ट स्वीकारली, तिथे तो घसरला. पुरेशी निरीक्षणे नसतील तर नवी निरीक्षणे मिळेपर्यंत थांबावे आणि ती मिळाल्यावर सिद्धान्तापेक्षा त्यांवर विश्वास ठेवावा, ही भूमिका त्याने स्वतःच मधमाश्यांच्या संदर्भात मांडली होती. पुढच्या अनेक पिढ्यांनी मात्र त्याची निरीक्षणाची पद्धत सोडून त्याचे निष्कर्षच प्रमाण मानले.

राजगुरू, शिक्षक आणि परागंदा

इ.स.पूर्व ३४३ च्या सुमारास मॅसेडोनियाचा राजा फिलिप याने ॲरिस्टॉटलला आपल्या मुलाचा शिक्षक म्हणून बोलावले. तो मुलगा म्हणजे पुढे जगज्जेता म्हणून गाजलेला अलेक्झांडर. तेव्हा त्याचे वय १३ होते. याच फिलिपने काही वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलचे जन्मगाव स्टॅगिरा उद्ध्वस्त केले होते. नंतर ते पुन्हा वसवण्यात आले. दरम्यान मित्र हर्मियास पर्शियनांच्या हाती सापडला आणि मारला गेला. ॲरिस्टॉटलने त्याच्या स्मरणार्थ एक कवन रचले.

इ.स.पूर्व ३३५ मध्ये तो अथेन्सला परतला आणि लायसियम इथे त्याने आपली शाळा सुरू केली. पुढची बारा वर्षे अध्यापनात आणि लेखनात गेली. त्याच्या प्राणिग्रंथांत ५०० हून अधिक प्रकारच्या प्राण्यांचे उल्लेख आहेत. पत्नी पिथियास वारली. नंतर हर्पिलिस ही त्याची सहचरी झाली. त्याच्या मुलाचे नाव आजोबांवरून निकोमॅकस ठेवले होते.

इ.स.पूर्व ३२३ मध्ये अलेक्झांडर बॅबिलोनमध्ये मरण पावला आणि अथेन्समध्ये मॅसेडोनियाविरोधी लाट उसळली. राजाशी संबंध असलेला ॲरिस्टॉटल अडचणीत आला. हर्मियाससाठी रचलेले जुने कवन शोधून काढून, माणसाला देवाचा मान दिला, असा धर्मद्रोहाचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. सॉक्रेटिसला याच शहराने विषाचा पेला दिला होता. ॲरिस्टॉटल खटल्यासाठी थांबला नाही. तो युबिया बेटावरच्या कॅल्सिस या गावी, आईकडच्या मालमत्तेवर राहायला गेला. पुढच्याच वर्षी, इ.स.पूर्व ३२२ मध्ये, वयाच्या ६२ व्या वर्षी आजारपणात त्याचे निधन झाले. त्याचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात हर्पिलिसच्या निर्वाहाची तरतूद आहे, काही गुलामांच्या मुक्ततेची सूचना आहे आणि पिथियासच्या अस्थी आपल्यासोबत ठेवाव्यात अशी इच्छा आहे.

त्याच्या ग्रंथांचे पुढे काय झाले?

ॲरिस्टॉटलची हस्तलिखिते अनेक वर्षे एका तळघरात पडून होती, ओल आणि किड्यांनी ती खराब झाली, असे प्राचीन लेखक सांगतात. इ.स.पूर्व पहिल्या शतकात रोड्सच्या अँड्रॉनिकसने त्यांची मांडणी केली. नवव्या शतकात प्राणिग्रंथ अरबीत आले आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला मायकेल स्कॉटने ते अरबीतून लॅटिनमध्ये नेले. १८८२ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, चार्ल्स डार्विनने त्याच्या प्राण्यांवरील एका ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर पाहिले आणि अनुवादकाला पत्र लिहून ॲरिस्टॉटलविषयी मोठा आदर व्यक्त केला.

आजचे विज्ञान काय सांगते?

विसाव्या शतकात झोपेचे वर्तनावर आधारित निकष ठरले. फ्रेंच संशोधक हेन्री पिएरॉन यांनी १९१३ मध्ये या दिशेने महत्त्वाचे काम केले. आज सर्वसाधारणपणे पुढील खुणा पाहिल्या जातात :

• प्राणी स्थिर आहे का?
• तो ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने बसतो का?
• त्याला जागे करायला नेहमीपेक्षा जास्त स्पर्श, आवाज किंवा उजेड लागतो का?
• तसे केल्यावर तो लवकर भानावर येतो का?
• झोप मोडली तर तो नंतर जास्त झोपून ती भरून काढतो का?

यांतील स्थिरता, मंद झालेला प्रतिसाद आणि पुन्हा जागे होणे ही ॲरिस्टॉटलच्या लेखनात आधीच दिसतात. झोप भरून काढण्याची कसोटी मात्र नवी आहे. या निकषांवर १९८० च्या दशकात झुरळ आणि मधमाशी यांच्या झोपेचे अभ्यास झाले.

सरड्याच्या स्वप्नांचा प्रश्नही पुन्हा उघडला आहे. १९५३ मध्ये शिकागोत माणसाच्या झोपेतला डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा, म्हणजे रेम झोप, नोंदवला गेला. स्वप्नांचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. ही झोप सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्यापुरतीच आहे, असे बराच काळ मानले गेले. २०१६ मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी बियर्डेड ड्रॅगन या ऑस्ट्रेलियन सरड्याच्या मेंदूची नोंद घेतली. झोपेत त्याच्या मेंदूत दोन अवस्था आलटून पालटून येत होत्या आणि एक फेरी सुमारे ८० सेकंदांची होती. माणसात ती साधारण ९० मिनिटांची असते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने झेब्राफिश या छोट्या माशातही झोपेच्या दोन वेगळ्या अवस्था दाखवल्या. सरड्याला स्वप्न पडते, असे यावरून सिद्ध होत नाही.

उलट उदाहरणही आहे. १९६७ मध्ये बुलफ्रॉग या मोठ्या बेडकावर झालेल्या अभ्यासात, तो शांत बसलेला असतानाही त्याचा प्रतिसाद कमी होत नाही, असे दिसले. त्यावरून बेडूक झोपतो की नाही, हा वाद सुरू झाला. तिथेही कळीचा मुद्दा लेस्बॉसच्या कोळ्यांचाच होता : जवळ गेल्यावर त्याला कळते का?

पन्हाळ्याला याचा काय उपयोग?

पन्हाळा परिसरात, विशेषतः शेतात आणि उसात काम करणाऱ्यांसाठी, हा फरक जिवाशी गाठ घालणारा ठरू शकतो. सापाला पापण्या नसतात. त्याच्या डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे आवरण असते. त्यामुळे उघड्या डोळ्यांवरून साप जागा आहे की झोपलेला, हे ठरवता येत नाही. हिवाळ्याच्या सकाळी निपचित दिसणारा साप मेलेला किंवा गाढ झोपलेला समजून त्याला काठीने ढोसणे, हात लावणे किंवा फोटोसाठी जवळ जाणे धोक्याचे आहे. गारठलेला सापही चावू शकतो.

मण्यारीचे वेळापत्रक माणसाच्या उलटे असते. दिवसा ती सुस्त असते आणि रात्री भक्ष्य शोधत फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होणारा तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, म्हणून उशिरा लक्षात येतो. खाटेवर झोपणे, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी वापरणे हे साधे उपाय आहेत. दंशाची शंका आली तरी मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस भारतात तयार होते.

ॲरिस्टॉटलची झोपेची कारणमीमांसा आज कोणी मानत नाही. मासा, किडा आणि सरडा यांच्या विश्रांतीकडे त्याने जाणणाऱ्या जिवाची गरज म्हणून पाहिले, ती दृष्टी मात्र टिकली आहे. फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेतला सरडा आणि स्टॅनफर्डचा मासा यांच्यावरचे काम त्याच दृष्टीने पुढे चालले आहे.